खाडीच्या तोंडाशी उपग्रह थांबतो

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्या एकाच कार्यक्रमात दोन गोष्टी झाल्या. वाढवण बंदराची पायाभरणी झाली, ती सगळ्यांच्या लक्षात राहिली. दुसरी त्या गदारोळात मागे पडली. मासेमारी बोटींवर इस्रोच्या तंत्रज्ञानाचे ट्रान्सपॉन्डर, म्हणजे संदेश देणाऱ्या-घेणाऱ्या पेट्या, बसवण्याच्या देशव्यापी योजनेचाही त्याच दिवशी प्रारंभ झाला. किनारी राज्यांत मिळून एक लाख बोटी, उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश, मोबाइलचा टॉवर नसला तरी संपर्क. योजना चांगली आहे. ज्यांनी फयान चक्रीवादळ पाहिलं त्यांना ती का चांगली आहे हे समजावून सांगावं लागणार नाही.

माझा प्रश्न त्या पेटीतून येणाऱ्या संदेशाबद्दल आहे. बोटीपर्यंत संदेश पोचवायची सोय होते आहे. पण त्या संदेशात सांगायचं काय, आणि सांगितलेलं कितपत खरं ठरतं, याकडे त्या मानाने कोणी बघत नाही. समुद्राबद्दलची आपली बरीचशी माहिती आज वरून येते. खोल समुद्रात ती उत्तम असते आणि किनाऱ्याकडे येताना विरळ होत जाते. लहान होड्या, खाड्यांची तोंडं आणि किनाऱ्यावरची घरं नेमकी त्या विरळ पट्ट्यात आहेत. म्हणून आणखी एका उपग्रहाच्या बातमीवर खूश होण्यापेक्षा कोकणाने आता आपापल्या खाडीच्या तोंडाशी मोजमाप मागितलं पाहिजे, असं मला वाटतं. ही मागणी दिल्लीकडे कमी आणि मुंबईकडे, म्हणजे मंत्रालयाकडे, जास्त आहे.

आधी वरच्याचं श्रेय वरच्याला देऊ, कारण ते मोठं आहे. १९७८ साली अमेरिकेने सीसॅट नावाचा उपग्रह सोडला. तो जेमतेम साडेतीन महिने चालला आणि विजेच्या बिघाडाने बंद पडला. पण समुद्र वरून मोजता येतो हे तेवढ्यात सिद्ध झालं. पुढच्याच वर्षी आपला भास्कर-१ समुद्राकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) टिपणारं उपकरण घेऊन गेला. १९९२ साली अमेरिका आणि फ्रान्सने मिळून टोपेक्स-पोसायडन सोडला. तो १३३६ किलोमीटर उंचीवरून समुद्राची पातळी अवघ्या काही सेंटिमीटरच्या फरकाने सांगू लागला.

हे कसं जमतं ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे. असा उपग्रह सरळ खाली सूक्ष्मलहरींचा स्पंद सोडतो आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. वेळेवरून अंतर, अंतरावरून पाण्याची पातळी. गंमत पुढे आहे. समुद्र सपाट असेल तर परतलेला स्पंद एकदम उठतो. लाटा असतील तर तो आधी माथ्यांवरून, मग खळग्यांतून असा थोडा थोडा परततो आणि त्याचा चढ सौम्य होतो. त्या चढावरून लाटांची उंची काढतात. पाणी जितकं खरबरीत, तितका सरळ वर परतणारा स्पंद क्षीण. त्यावरून वाऱ्याचा जोर. एकाच स्पंदातून तीन उत्तरं.

वाऱ्याची दिशा मात्र यातून कळत नाही. त्यासाठी तिरकं पाहणारं वेगळं यंत्र लागतं, स्कॅटरोमीटर. वारा पाण्यावर सेंटिमीटरभर लांबीचे बारीक तरंग उठवतो आणि त्यांवरून सूक्ष्मलहरी उलट फिरतात. तेच पाणी वेगवेगळ्या कोनांतून पाहिलं की वारा कुठून कुठे चालला आहे ते समजतं. २३ सप्टेंबर २००९ ला गेलेल्या आपल्या ओशनसॅट-२ वर हे यंत्र होतं. दोन महिन्यांनी अमेरिकेच्या क्विकस्कॅट उपग्रहाची फिरती ॲन्टेना थांबली आणि जगभरच्या हवामान संस्थांनी पुढची काही वर्षं आपल्या यंत्राने मोजलेले वारे वापरले. याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

पण त्याच नोव्हेंबरच्या ११ तारखेला फयान अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागलं. त्याआधी ते सगळ्या कोकण किनाऱ्याला घासत वर आलं होतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या बोटी बाहेर होत्या. डोक्यावर आपला नवा उपग्रह फिरत होता आणि खाली खलाशांना कळवायची धड सोय नव्हती. गेलेली माणसं परत आली नाहीत. नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत पुष्कळ सुधारलं हेही खरं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आलं तेव्हा सूचना आधी मिळाल्या, लोक हलवले गेले, बोटी आत होत्या. सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरं गेली, पण मनुष्यहानी त्या वादळाच्या मानाने फार कमी झाली. हे उपग्रहांचं आणि त्यांवर आधारलेल्या अंदाजांचं यश आहे. जो ते नाकारतो त्याच्याशी मला वाद घालायचा नाही.

उपग्रहाने आपल्याला आणखी एक गोष्ट दाखवली, जी किनाऱ्यावर उभं राहून कधीच कळली नसती. कोकणातल्या पाण्याची पातळी कोकणातल्याच वाऱ्यावर ठरत नाही. बंगालच्या उपसागरातल्या वाऱ्यांमुळे उठलेली लांबलचक लाट किनारा उजव्या हाताला ठेवत येते, श्रीलंकेला वळसा घालते आणि आपल्या किनाऱ्याने उत्तरेकडे सरकते. पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहणारा आपला किनारी प्रवाह हिवाळ्यात उलटून उत्तरेकडे वाहू लागतो, त्यात या लाटेचा वाटा आहे. सतीश शेट्ये, डी. शंकर आणि दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी जहाजांवरच्या नोंदी, गणित आणि उपग्रहाने मोजलेली पातळी यांची सांगड घालून हे चित्र उभं केलं. डिसेंबरात मालवणच्या समोरून वाहणाऱ्या पाण्यामागे पूर्व किनाऱ्यावरचा वारा असतो, हे कळल्यावर समुद्राकडे बघण्याची नजरच बदलते.

तसंच दक्षिणेकडून येणाऱ्या फुगाऱ्याचं. वारा पडलेला, आकाश निरभ्र, आणि तरी पाणी चढतं, लाटा लांब आणि जड येतात. त्या आपल्या समुद्रात तयार झालेल्या नसतात. चाळीस-पन्नास दक्षिण अक्षांशाच्या खालच्या वादळी समुद्रात उठलेल्या लाटा पाच-सहा दिवस प्रवास करून भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येतात. तिथे ना बंदर, ना जहाजांची वर्दळ. त्या लाटा उठताना पाहणारा उपग्रहाशिवाय दुसरा कोण? हैदराबादच्या इन्कॉइसने, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने, २०२० पासून अशा फुगाऱ्याची पूर्वसूचना द्यायला सुरुवात केली आहे. ती केरळला सर्वांत उपयोगी, पण आपल्यालाही लागते.

इथवर सगळं खोल समुद्राचं झालं. आता किनाऱ्याकडे येऊ.

पातळी मोजणाऱ्या उपग्रहाच्या स्पंदाचं खाली पडणारं वर्तुळ काही किलोमीटर रुंद असतं. हवेतल्या बाष्पामुळे स्पंदाला होणारा उशीर वजा करण्यासाठी सोबत जे उपकरण असतं, त्याचं वर्तुळ आणखी मोठं. त्या वर्तुळात जमीन आली की हिशेब बिघडतो. कोकणात तर नुसती जमीन नाही; सडे, कडे, पुळणी, खाड्या, कातळ, किल्ले. नेहमीच्या पद्धतीने घेतलेली नोंद किनाऱ्यापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या आत भरवशाची राहत नाही. स्कॅटरोमीटरचा चौकोन पंचवीस किंवा पन्नास किलोमीटरचा. त्यालाही जमिनीचं असंच वावडं. महाराष्ट्र सरकारचा मासेमारीवरचा अधिकार किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटर. म्हणजे राज्याची हद्द जिथे सुरू होते, साधारण तिथेच उपग्रहाची नजर अधू होते. योगायोगच आहे, पण राज्याने या योगायोगाचा कधी विचार केल्याचं दिसत नाही.

दुसरी अडचण वेळेची. टोपेक्स आणि त्याच्या मागून आलेले जेसन उपग्रह त्याच जागेवर दहा दिवसांनी येतात आणि त्यांच्या दोन शेजारच्या मार्गांत विषुववृत्ताशी ३१५ किलोमीटरचं अंतर असतं. भरती-ओहोटी तर दिवसातून दोनदा. दहा दिवसांनी एकदा डोकावणाऱ्याला साडेबारा तासांची भरती बासष्ट दिवसांच्या सावकाश चढउतारासारखी दिसते. शास्त्रज्ञ ती गणिताने वेगळी काढतात आणि खोल समुद्रात ते जमतंही. पण उथळ किनाऱ्यावर आणि खाडीत भरतीचं गणितच वेगळं. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीतलं अंतर चार मीटरच्या पुढे जातं, वेंगुर्ल्याकडे ते दोन मीटरच्या आसपास येतं. एकाच कोकणात हा फरक. डोल जाळी लावणाऱ्याला विचारा. त्याची सगळी मासेमारी भरतीच्या ओढीवर चालते, आणि उधाण (मोठी भरती) कुठलं, भांग (लहान भरती) कुठला हे त्याला पंचांगाशिवाय कळतं.

मला सगळ्यांत बोलकी वाटते ती दुपारची गोष्ट. फेब्रुवारी ते मे कोकणात सकाळी समुद्र शांत असतो. दुपार कलली की खारा वारा जोर धरतो, वायव्येकडून आखूड, उभट लाटा येऊ लागतात, आणि रात्री सगळं पुन्हा निवतं. गोव्याजवळच्या लाटांच्या नोंदींत हा रोजचा चढउतार स्पष्ट दिसला आहे. ओशनसॅट-२ आपल्या डोक्यावरून जायचा दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या सुमारास. म्हणजे वारा चढायच्या आधी आणि पडल्यानंतर. लहान होडीवाल्याला चार वाजता परतताना जो समुद्र भेटतो, तो त्या उपग्रहाच्या वहीत नसायचाच. उपग्रहाचा यात दोष नाही; त्याची कक्षा तशी आखलेली होती, आणि ती कोकणातल्या होडीसाठी आखलेली नव्हती.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात सांगतो. पाण्याचा रंग आणि अवरक्त किरणांनी मोजलेलं तापमान ढगांतून दिसत नाही. सूक्ष्मलहरींना ढग अडवत नाहीत, पण त्यांनी काढलेलं तापमानाचं चित्र पंचवीस-पन्नास किलोमीटरच्या ठिपक्यांचं असतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते म्हणून कोणी तक्रार करत नाही, एवढंच. ऑगस्टात हंगाम उघडतो, नारळ समुद्राला अर्पण होतो, आणि तेव्हाही आकाश भरलेलंच असतं.

आता हर्णैची गोष्ट पाहा. दापोली तालुक्यातलं हे मोठं मासेमारी बंदर, पण बंदर म्हणायचं ते सवयीने. उघड्या समुद्रावरचा किनाराच तो. वाऱ्याचा जोर वाढला की तिथे बोटी ठेवता येत नाहीत. त्या शेजारच्या आंजर्ल्याच्या खाडीत, जोग नदीच्या मुखातून आत घ्याव्या लागतात. त्या मुखाशी गाळ साचलेला. दर पावसाळ्यात वाळू सरकते, वाट बदलते. बोट आत घ्यायची तर भरती हवी, अंधार नको, आणि मुखाशी लाट फुटत नसावी. सूचना मिळते: समुद्रात जाऊ नये, बाहेर असलेल्यांनी परत यावं. परत यावं म्हणजे हर्णैकराने त्या दिवसातली सगळ्यात धोक्याची शंभर-दोनशे मीटर पार करावीत. तिथे बोटी उलटलेल्या आहेत.

हे असं का होतं, तर लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊण पटीच्या पुढे गेली की लाट फुटते. दोन मीटरची लाट साधारण अडीच मीटर पाण्यात फुटणार. पण लाट आखूड असेल तर ती त्याच उंचीने मुखापर्यंत येते. चौदा-पंधरा सेकंदांच्या अंतराने येणारी लांब लाट उथळात येताना आणखी उंच होते आणि आधीच फुटते. 'लाटांची उंची दोन मीटर' असं एक वाक्य दोन दिवशी खरं असू शकतं. पहिल्या दिवशी बोट सहज आत येते, दुसऱ्या दिवशी येत नाही. सरळ खाली पाहणारा उपग्रह उंची सांगतो, दोन लाटांमधला काळ तो थेट सांगत नाही. तो सांगू शकणारी यंत्रं आहेत. २०१८ साली गेलेल्या चीन-फ्रान्सच्या सीएफओसॅटवर तसं एक आहे. पण मुखाशी आज किती वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाणी आहे, वाळूचा दांडा उत्तरेला सरकला की दक्षिणेला, हे कुठल्याच लाटमापक उपग्रहाला सांगता येत नाही. ते मोजायला खाडीतच जावं लागतं.

आणि सूचना येते ती कशी? दक्षिण कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यालगत ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने वारे, झोत ६५ पर्यंत. किंवा उंच लाटांचा इशारा, मालवण ते वसई. शेकडो किलोमीटर, एकच ओळ. हैदराबादहून काही बंदरांसाठी वेगळे अंदाज निघतात, त्यांचं कौतुक आहे. मात्र ते गणिताने काढलेले असतात, आणि बहुतेक ठिकाणी ते ताडून पाहायला खाली यंत्र नसतं. मालवणी मुलखात या सूचनांबद्दल विचारलं तर एकच सूर लागतो: "मेसेज येता, पण आमच्या खाडीच्या तोंडार काय चालला हा, ता कोण सांगतलो?" सूचना सरसकट असली की चार-पाच वेळा ती आपल्या बंदरापुरती फुकट ठरते. प्रत्येक फुकट दिवस म्हणजे बुडालेला धंदा, खलाशांचा पगार, वितळलेला बर्फ. सहाव्या वेळी तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, मोबाइल खिशात ठेवतो. त्याला बेपर्वा म्हणणं सोपं आहे.

काही मंडळी याच्या उलट टोकाला जातात. बापजाद्यांचं ज्ञान पुरेसं आहे, पाण्याचा रंग आणि वाऱ्याचा वास पाहून आम्ही सांगतो, यंत्रं कशाला? या म्हणण्याबद्दल मला आदर आहे आणि ते मला पटत नाही. ते ज्ञान ज्या समुद्रावर तयार झालं तो समुद्र आता तसा राहिलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ साली दाखवलं की २००१ ते २०१९ या काळात, त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत, अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. २०१९ च्या दिवाळीत क्यार महाचक्रीवादळ झालं. ते ओमानच्या दिशेने, आपल्यापासून दूर चाललं होतं आणि तरी त्याच्या लाटांनी सिंधुदुर्गाचा किनारा झोडपला. परराज्यांतल्या बोटीसुद्धा देवगडच्या खाडीत आसऱ्याला आल्या. दूरच्या वादळाची लाट ओळखायला आजोबांची खूण चालत नाही. आजोबांनाही उपग्रह दिला असता तर त्यांनी तो वापरला असता, अशी माझी खात्री आहे.

तर मग करायचं काय? मोठ्या खाडीच्या मुखाशी पाण्याच्या दाबावरून पातळी आणि लाट नोंदवणारं एक साधं यंत्र, जेटीवर वारा मोजणारा खांब, आणि हंगाम उघडण्याआधी व पावसाळा संपल्यावर मुखाची खोली मोजून काढलेला नकाशा, जो मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर लागेल आणि मोबाइलवरही दिसेल. यात अंतराळविज्ञान काहीच नाही. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याची पातळी नोंदली जाते आहे; हिंद महासागराच्या काठावरच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. घोड्याच्या ट्राम चालत होत्या तेव्हा जे जमलं ते आता आंजर्ल्याला, सर्जेकोटला, जयगडला जमू नये? किनाऱ्यावरून पाण्याचे प्रवाह पाहणाऱ्या रडारांच्या जोड्या देशात पहिल्यांदा उभारल्या गेल्या त्या गुजरात, तमिळनाडू, आंध्र, ओडिशा आणि अंदमानात. महाराष्ट्राचा किनारा त्यात नव्हता, आणि त्याबद्दल विधानसभेत कोणी टेबल वाजवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

यावर अधिकारी मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं: यंत्रं टिकत नाहीत. बोयाला, म्हणजे तरंगत्या मोजणीयंत्राला, बोटी बांधतात, जाळी अडकतात, सौर पत्रे निघून जातात. हे खोटं नाही. खोल समुद्रातल्या बोयांचं असं नुकसान आपल्याकडे आणि जगभर झालेलं आहे. पण ज्या यंत्राची नोंद मच्छीमाराला कधी दिसत नाही, ते त्याच्या दृष्टीने बोट बांधायचा खुंटा असणारच. तेच यंत्र सोसायटीच्या ताब्यात द्या, देखभालीचा महिन्याचा खर्च सोसायटीला द्या, त्यावरचा आकडा रोज पहाटे बोट सोडण्याआधी लोकांच्या फोनवर येऊ द्या. जी सोसायटी डिझेल परताव्याचे कागद वर्षानुवर्षं सांभाळते, तिला एक नळी आणि एक बॅटरी सांभाळता येईल.

दुसरा आक्षेप अभ्यासू लोकांचा, आणि तो जास्त वजनाचा आहे. उपग्रह सुधारताहेत. डिसेंबर २०२२ मध्ये गेलेला स्वॉट एका रेषेऐवजी १२० किलोमीटर रुंद पट्टा पाहतो आणि किनाऱ्याच्या बराच जवळ येतो. आपला आणि फ्रान्सचा २०१३ चा सरल आधीच्यांपेक्षा लहान वर्तुळात पाहायचा, त्यामुळे तोही किनाऱ्याजवळ जास्त पुढे यायचा. मग थांबा की थोडं, वरूनच सगळं दिसेल. थांबायला हरकत नसती, पण स्वॉट त्याच जागी फिरून येतो एकवीस दिवसांनी. शिवाय उपग्रहाने किनाऱ्याजवळ दिलेला आकडा खरा की खोटा हे ठरवणार कोण? सरलची पातळी तपासायला आपल्या शास्त्रज्ञांनी लक्षद्वीपमधल्या कवरत्तीला पाण्यात यंत्रं ठेवली. वरची नजर जितकी बारीक होईल तितकी खालच्या मोजमापाची गरज वाढते. कोकणात खाली यंत्रं असती तर आंजर्ल्याच्या समोरची स्वॉटची नोंद जगातला कोणीही संशोधक ताडून पाहू शकला असता, आणि त्यासाठी आपल्याला एक रुपयाही द्यावा लागला नसता.

याचा दुसरा लाभ बंधाऱ्यांना आहे, तो मला मासेमारीइतकाच महत्त्वाचा वाटतो. देवबाग पाहा: एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये अरुंद वाळूची पट्टी आणि तिच्यावर घरं. दर पावसाळ्यात समुद्र आत आल्याची बातमी, मग नेत्यांची भेट, मग धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची घोषणा. उत्तर हिंद महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढली असं केंद्र सरकारच्याच २०२० च्या हवामानबदल अहवालात आहे. तो आकडा देवबागच्या पुळणीला तसाच लावता येत नाही. तिथली वाळू कोणत्या महिन्यात कुठल्या दिशेच्या लाटेने जाते आणि कुठल्या लाटेने परत येते, हे मोजल्याशिवाय दगड टाकणं म्हणजे शेजारच्या वाडीकडे समुद्र ढकलणं. हिवाळ्यातही आपल्याकडे अरबस्तानातल्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा वायव्येकडून येतात, हे पश्चिम किनाऱ्यावरच्या लाटांच्या नोंदींतून पुढे आलेलं आहे. बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकात लाटेच्या मोजणीसाठी एक ओळ असावी, एवढी मागणी आमदारांकडे करायला हरकत नाही.

मासळी कुठे मिळेल हे सांगणाऱ्या पत्रकांबद्दलही दोन शब्द. पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य यांची सीमा जिथे उपग्रहाला दिसते तिथे मासळी जमण्याचा संभव असतो. त्यावरून किनाऱ्यापासूनची दिशा, अंतर आणि खोली देणारं पत्रक इन्कॉइस काढतं, मराठीतही काढतं. माहिती सगळ्यांना सारखी मिळते. इंजिन सगळ्यांचं सारखं नसतं. मोठ्या वेढणाऱ्या जाळ्याचा पर्ससीनवाला आणि लहान जाळ्याचा गिलनेटवाला एकाच पत्रकाकडे पाहून निघाले तर कोण आधी पोचतो हे सांगायला नको. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्याला तर त्या पत्रकाचा उपयोगच नाही, त्याचं पाणी पत्रकात यायच्या आधीच संपतं. यात हैदराबादच्या शास्त्रज्ञांना दोष देणं चूक आहे. २०१६ पासून पर्ससीनवर राज्याचे निर्बंध आहेत, ते पाळले जातात का हे राज्याने पाहायचं आहे. फक्त किती पत्रकं पाठवली या आकड्याला यश म्हणू नये.

अंदाजांचा हिशेबही उघड लावला पाहिजे. अमुक बंदरासाठी या वर्षी किती वेळा 'जाऊ नका' म्हटलं, त्यापैकी किती दिवस खरोखर वारा किंवा लाट तेवढी झाली, आणि किती वेळा सूचना नसताना समुद्र बिघडला. बंदरवार, तारखेनिशी, मत्स्यव्यवसाय खात्याच्या फलकावर. सुरुवातीला आकडे लाजिरवाणे येतील. येऊ देत. हवामान खातं वादळाच्या मार्गाचा अंदाज किती किलोमीटरने चुकला हे जाहीर करतंच, आणि त्यामुळे त्याची किंमत कमी झालेली नाही.

यासाठी पालघरच्या त्या पेटीचाच उपयोग होऊ शकतो. संदेश दोन्ही बाजूंनी जातो म्हणतात, तर खालून वर काय जाणार? सध्याचं उत्तर: बोट कुठे आहे ते, आणि संकटातली हाक. बोट कुठे आहे हे सतत सरकारला कळणं अनेकांना रुचत नाही, आणि त्यांची शंका मला अगदीच निराधार वाटत नाही. ती माहिती कोण, कशासाठी, किती दिवस ठेवणार हे लेखी आलं पाहिजे. पण त्याच पेटीतून तांडेलाने आपल्या जागेवरची लाट, वारा आणि पाण्याची ओढ तीन बटणांत कळवली, तर रोज शेकडो ठिकाणची नोंद हैदराबादला मिळेल, तीही नेमक्या त्या बावीस किलोमीटरच्या पट्ट्यातली. व्यापारी जहाजांचे कप्तान दीड शतकाहून अधिक काळ अशा नोंदी करत आले आहेत आणि त्यांवर हवामानशास्त्र उभं राहिलं. आपल्या तांडेलाची नोंद त्याहून कमी दर्जाची धरायचं कारण नाही. त्याबद्दल त्याला मोबदला द्यावा, आणि दुसऱ्या दिवशीच्या संदेशात त्याच्या खाडीचं नाव असावं: आंजर्ले, मुखाशी ओहोटीला इतके वाव पाणी, लाट चौदा सेकंदांची, सकाळी अकरानंतर आत येऊ नये.